गालावरचे पट्टे

स्टुडिओवाल्याने फोटोत आमच्या आम्रपालीला इतकं गोरं करून ठेवलं होतं, की पाकीट उघडल्यावर ललिता म्हणाली, "अहो, कुणाचं तरी पाकीट आपल्याकडे आलंय. परत देऊन या."

मी पाकिटावरचं नाव पाहिलं. नाव आमचंच होतं. आतली मुलगी मात्र पिठाच्या गालांची, गुलाबी ओठांची आणि काश्मीरच्या तळ्याकाठी उभी राहिलेली होती. आम्रपालीने ते फोटो एकेक करून पाहिले, परत पाकिटात घातले आणि म्हणाली, "बाबा, हिच्यासाठी स्थळ बघणार असाल तर जरूर बघा. मी मध्ये येणार नाही."

म्हणून मी कॅमेरा घेतला. दोन हजार दहा साल. त्या वर्षी पुण्यात गळ्यात काळा कॅमेरा अडकवून फिरायची साथ आली होती. आयटीतल्या पोरांनी ती आणली आणि बघता बघता ती पेन्शनरांपर्यंत पसरली. मला छंद वगैरे नव्हता. मुलगी आहे तशी दिसावी, एवढीच माझी अपेक्षा होती. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत तीस वर्षं काढलेल्या माणसाने यंत्राकडून इतकी साधी अपेक्षा ठेवायला नको होती, हे मला नंतर कळलं.

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणी वापरायचाय?"

"मी."

"मग ऑटोवर ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका."

त्या सबंध प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव शहाणा सल्ला. पण तो अपमानासारखा दिला गेला, त्यामुळे मी तो पाळला नाही. शिवाय बिलावर त्याने माझं आडनाव ओव्हाळऐवजी 'ओव्हल' असं लिहिलं होतं. दुरुस्त करून द्या म्हणालो, तर म्हणाला, "कॅमेरा आडनावावर चालत नाही हो."

आम्रपाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. खराडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम ती करायची. सकाळी आठला कंपनीची बस, परतायला संध्याकाळ, आणि रविवारी तिला उठवायची येरवड्यात कुणाची हिंमत नव्हती. बरीच मनधरणी केल्यावर तिने अट घातली, "एक संध्याकाळ. दहा मिनिटं. त्यानंतर तो कॅमेरा पुन्हा माझ्याकडे वळवायचा नाही." मी कबूल केलं. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची परिचय पुस्तिका छापायला जायची होती आणि फोटो पाठवायचा शेवटचा दिवस मंगळवार होता. मंगळवारी संध्याकाळी सातची वेळ ठरली.

पावणेसातला समोरच्या फ्लॅटमधले हिंदुराव काळभोर आले. लोणी काळभोरची त्यांची शेती रस्त्यात आणि कॉलेजांत गेल्यापासून ते आमच्या सोसायटीत राहायला आले होते, आणि शेताचा मोकळा झालेला वेळ ते दुसऱ्यांच्या कामात पेरत असत. त्यांच्याकडेही कॅमेरा होता. माझ्यापेक्षा मोठा.

"सायेब, स्पीड वाढवा," ते म्हणाले. "पाचशेवर टाका. माझ्या बैलांचा फोटो बगा. बैलं पळत्यात, पर खुराखालची धूळ सुदिक जाग्यावर हाय."

"आमची मुलगी खुर्चीत बसणार आहे, हिंदुराव."

"तरी बी. माणूस हलतंयच."

हे म्हणणं मला पटलं. मी चकती फिरवली, पाचशेचा आकडा आणला. आतला फ्लॅश हिंदुरावांवर उडवून पाहिला तर चेहरा पोलिसांनी पकडल्यासारखा येत होता, म्हणून तो बंद केला. हॉलमधल्या दोन्ही ट्यूब लावल्या. आम्रपाली निळी साडी नेसून आली, खुर्चीत बसली आणि सरळ कॅमेऱ्यात बघू लागली. तेवीस फोटो काढले. सतराव्या फोटोत ती हसली नाही, पण हसण्याच्या अगदी अलीकडे येऊन थांबली. मला वाटलं, हीच. ही आमची मुलगी. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर ती इतकी नेमकी दिसत होती, की मी ललितालाही दाखवायला नेलं. ललिता सहसा चांगलं म्हणत नाही. ती म्हणाली, "बरी आलीय." म्हणजे उत्तम.

खालच्या मजल्यावरच्या ऋषीने कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं. कानात अमेरिका चालू होती, त्यामुळे त्याने फोटो न उघडताच मंडळाला मेल केला आणि अंगठा वर करून सांगितलं, "काका, सेंट."

शुक्रवारी कचेरीतल्या संगणकावर मी तो फोटो मोठा करून उघडला. चार जण मागे उभे करून उघडला, कारण मला कौतुक ऐकायचं होतं.

आम्रपालीच्या गालावरून एक आडवा मातकट पट्टा गेला होता. मानेवरून दुसरा. आणि जिथे पट्टे नव्हते तिथे, पदरावर, केसांत, हनुवटीखाली, कुणीतरी लाल-हिरवा रवा सांडल्यासारखे दाणे पसरले होते. मागचे चारही जण पुढे वाकले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कुसुमबाई अतिशय मायेने म्हणाल्या, "लहानपणी भाजलं होतं का हो तिला?"

मी मंडळाला फोन लावला. पुस्तिका छापायला गेली होती. शुद्धिपत्रक काढाल का, असं विचारलं. पलीकडचे कार्यकर्ते सौम्यपणे म्हणाले, "काढतो ना. नाव, शिक्षण, जन्मतारीख, काहीही दुरुस्त करतो. चेहऱ्याचा रकाना नाही आमच्याकडे."

संध्याकाळी ऋषीने फोटो पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. आयटीतल्या माणसाला बिघाड दिसला की सणासारखं होतं. "काका, हा नॉईज आहे. आणि हे पट्टे म्हणजे क्लिअर-कट बँडिंग. सेन्सरचा इश्यू असणार. वॉरंटीत क्लेम करा."

"नॉईज म्हणजे आवाज ना? फोटोत आवाज कसा येईल?"

"आपल्या घरात तेवढाच यायचा राहिला होता," ललिता आतून म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीताई जिन्यातून जाता जाता दारात थांबल्या होत्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही, म्हणून त्या उंबऱ्यावरूनच बोलल्या. "बँडिंग? अजून स्थळ यायचंय आणि बँड आधीच आला का?" असं म्हणून त्या वर गेल्या. एखाद्याला दुखावून तिथे न थांबणं ही या शहराची जुनी सभ्यता आहे.

आता खरं तर दुसरा फोटो काढणं सोपं होतं. पण अट मी कबूल केली होती, आणि पुस्तिका तर गेलीच होती. म्हणून माझं सगळं लक्ष कॅमेऱ्याचा गुन्हा सिद्ध करण्यावर लागलं. पुढचे आठ दिवस आमच्या हॉलमध्ये प्रयोगशाळा होती. हिंदुरावांनी सांगितलं, अर्थिंग नीट नसंल. वायरमन आला, त्याने भिंतीत खड्डा केला आणि अर्थिंग उत्तम असल्याचं सांगून खड्डा ठेवून गेला. ऋषी म्हणाला, फ्रीजचा इंटरफिअरन्स असेल. फ्रीज बंद केला. दूध नासलं, पट्टे राहिले. सुहासिनीताई म्हणाल्या, ट्यूबचा स्टार्टर बदला. बदलला. पट्टा गालावरून कपाळावर गेला. हिंदुराव खूश झाले, "सरकतंय बगा! अजून येक स्टार्टर बदला, भाईर पडंल."

फोटो काढायला माणूस हवा होता. ललिताने चक्क नकार दिला, म्हणून मी टेबलावर दुधी भोपळा ठेवून फोटो काढत असे. एकूण एकशे चाळीस दुधी निघाले, सगळे पट्टेरी. त्यातला एक तर इतका सुरेख आला होता, की वाईट वाटलं. दुधीला पट्टे असले तर कुणाचं काही अडत नाही.

मग मी कॅम्पातल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. खिडकीवर उल्का नावाच्या बाई होत्या, तिशीतल्या, अतिशय शांत. त्यांनी बिल पाहिलं, माझं ओळखपत्र पाहिलं, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली.

"सर, बिल ओव्हल यांचं आहे. आपण ओव्हाळ आहात."

"दुकानदाराची चूक आहे ती."

"असेल सर. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं लिहून आणा आणि दुकानाचा शिक्का आणा."

गेली तीस वर्षं हेच वाक्य मी खिडकीच्या आतल्या बाजूने बोलत आलो आहे. एका वेलांटीवरून मी पेन्शनचे कागद परत पाठवले आहेत. एक म्हातारी बाई तीन वेळा जिना चढून आली होती आणि तिन्ही वेळा मी तिला 'मावशी, नियम आहे' असं सांगितलं होतं. उल्काबाईंवर मला रागावता येईना. मी शिक्का आणायला गेलो. दुकानदाराने शिक्का देताना विचारलं, "ऑटोवर ठेवला होता ना?"

त्याच आठवड्यात पुस्तिका निघाली. आणि रविवारी सकाळी फोन आला.

"जयभीम. ओव्हाळसाहेब का? भालशंकर बोलतोय, कात्रजहून."

नाव ऐकून मी उभा राहिलो. भालशंकर म्हणजे निवृत्त उपअभियंता. हुंडा, मानपान आणि पत्रिका यांविरुद्ध त्यांची भाषणं मी स्वतः पुढच्या रांगेत बसून ऐकली होती. त्यांचा मुलगा अभय इंजिनियर होता. मुलगी आवडली, शिक्षण उत्तम, घराणं विचारांचं, असं सगळं ते बोलले.

"एक विचारायचं होतं. आम्ही असलं काही मानत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. पण माहिती असलेली बरी. गालावर आणि मानेवर जे आहे, ते जन्मापासूनचं की नंतरचं?"

मी हसलो. माझ्याच कानाला ते हसणं ओशाळं वाटलं. "साहेब, तो कॅमेऱ्याचा दोष आहे."

"असणारच," ते म्हणाले. "मलाही तेच वाटलं. पण आमच्या मंडळींचं समाधान व्हायला हवं. आपण दोघंही सरकारी माणसं. कॅमेऱ्यात दोष आहे असा कंपनीचा कागद आणा, विषय संपला."

दुसऱ्या एखाद्या बापाने तिथेच फोन ठेवला असता. मला मात्र हे म्हणणं वाजवी वाटलं. कागद आणा, विषय संपला! माझ्या आयुष्यातले सगळे विषय असेच संपले होते.

"आम्रपालीला सांगा," ललिता म्हणाली.

"कागद मिळाला की सांगतो. उगाच तिला कशाला त्रास?"

"त्रास तिला होईल म्हणून सांगत नाही, की तुम्हाला होईल म्हणून?" तिने विचारलं आणि कुकर लावायला गेली.

शिक्का मारलेलं पत्र घेऊन मी पुन्हा कॅम्पात गेलो. उल्काबाईंनी कॅमेरा आत नेला, तासाभराने बाहेर आणला. माझ्यासमोर काउंटरवरच्या फुलदाणीचे दहा फोटो काढले. एकाही फोटोत पट्टा नाही. मी माझा पाचशेचा आकडा लावून दाखवला. तरीही पट्टा नाही! इतका सज्जन कॅमेरा मी पाहिला नव्हता. घरी नवऱ्याला झोडपणाऱ्या आणि पाहुण्यांपुढे पदर सावरून बसणाऱ्या बाईसारखं त्याचं वागणं होतं.

"सर, घरी साध्या ट्यूब आहेत का? जुन्या, चोकवाल्या?"

"हो."

"मग बरोबर आहे. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा विझते आणि पेटते. आपल्याला दिसत नाही. पण तुम्ही कॅमेऱ्याला इतक्या झटपट डोळा उघडायला-मिटायला सांगितलंय, की त्याला मधला अंधार सापडतो. तोच पट्टा. आणि उजेड पुरत नाही म्हणून तो ताणून बघतो, ते दाणे. पन्नासवर ठेवा, हात स्थिर ठेवा, पट्टे जातील. आमच्या इथले दिवे वेगळे आहेत, म्हणून इथे येत नाहीत."

तीस सेकंदांत त्यांनी सांगून टाकलं. मी भिंतीतला खड्डा आठवला, नासलेलं दूध आठवलं, एकशे चाळीस दुधी आठवले. "मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही, सर."

"तेवढं लिहून द्या. की फोटोतला दोष मुलीचा, म्हणजे, फोटोत जी व्यक्ती आहे तिचा नाही."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांना वाटलं असावं, पण त्या खिडकीच्या आत होत्या आणि मी बाहेर. "सर, व्यक्तीबद्दल आम्ही लिहू शकत नाही. कॅमेऱ्याबद्दल देते." त्यांनी छापील कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं: 'दोष आढळला नाही. चित्र वस्तुस्थितीप्रमाणे.'

मी तो कागद रिक्षात चार वेळा वाचला. कॅमेऱ्यात दोष नाही. चित्र वस्तुस्थितीप्रमाणे. आस्थापना शाखेत बसून मी असे कागद वाचायला शिकलो होतो. याचा एकच अर्थ निघत होता आणि तो अर्थ आता माझ्या खिशात, शिक्क्यासह, होता.

तो पाठवणं शक्य नव्हतं. मग मला माझ्या मते फार हुशार कल्पना सुचली. त्याच हॉलमध्ये, त्याच ट्यूबखाली, त्याच पाचशेवर माझा फोटो काढायचा आणि पाठवायचा. बापाच्या तोंडावरही तेच पट्टे दिसले, की प्रश्न मिटला! हिंदुरावांना बोलावलं. मी त्याच खुर्चीत बसलो. हिंदुरावांनी मन लावून फोटो काढला. माझ्या गालावर एक झकास पट्टा आला, दुसरा मानेवर. मी तो मोठ्या आकारात छापून घेतला, सोबत सविस्तर पत्र जोडलं, मुद्दे क्रमांक एक ते सात, आणि कात्रजला पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी फोन आला. भालशंकरांचा आवाज फार हळवा झाला होता.

"ओव्हाळसाहेब, पत्र मिळालं. आपला मोठेपणा आहे. दुसरा कुणी असता तर लपवलं असतं."

"काय लपवलं असतं?"

"हेच, की वडिलांनाही आहे. म्हणजे आनुवंशिक आहे. आपण फोटोसकट कळवलंत."

मुद्दा क्रमांक तीन नीट वाचा, असं मी म्हणालो. ते म्हणाले, वाचला, ट्यूबचं वाचलं, पण मंडळींना ते समजत नाही. "असं करा, एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाचा दाखला घ्या. साधा, एका ओळीचा. आम्ही आजही तयार आहोत. अभयला तर फोटोतले डोळे फार आवडलेत."

त्या संध्याकाळी आम्रपाली लवकर आली होती. खिडकीत बसून पाय वर घेऊन काहीतरी वाचत होती. बाहेर अजून उजेड होता. मी स्वतः चहा करून तिला नेऊन दिला. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, काही नाही. आणि कप दिल्यावरही मी तिथेच उभा राहिलो. उजेड तिच्या डाव्या बाजूने येत होता. गाल दिसत होता. मान दिसायला मी जरा पुढे वाकलो. तिने वर पाहिलं तेव्हा मी खिडकीची कडी बघू लागलो.

काही नव्हतं. अर्थात काही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी कचेरीतून मी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे फोन करून शनिवारची वेळ घेतली. तिला कंपनीच्या तपासणीचं काहीतरी निमित्त सांगून नेऊ, असा विचार होता. पण फॉर्म समोर आला की तो अचूक भरायचा ही माझी सवय. पलीकडच्या मुलीने रुग्णाचं नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. रुग्णाचा मोबाईल नंबर विचारला. तोही सांगितला.

शुक्रवारी दुपारी दवाखान्याने आठवण करून द्यायला रुग्णाला फोन केला.

आम्रपाली त्या दिवशी नेहमीच्या वेळेला घरी आली. चप्पल काढली, हात धुतले, माझ्यासमोर बसली. "डाग कधीपासून आहेत, असं विचारलं मला त्यांनी. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाल्या, तुम्हालाच ना. बाबा, कधीपासून आहेत?"

मी सगळं सांगितलं. पट्टे, पुस्तिका, भालशंकर, माझा फोटो, आनुवंशिकता. सांगताना मध्ये मध्ये मी विनोदही करत होतो, दुधीचा वगैरे. ललिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. आम्रपालीही हसली नाही. तिने कागद मागितले. मी फाईल आणून दिली. तिने सगळे कागद क्रमाने वाचले. दुसऱ्यांच्या चुका शोधायचं तिचं कामच होतं.

"एवढ्या सगळ्यात," ती म्हणाली, "त्यांना तुम्ही एकदाही असं म्हटलं नाहीत, की माझी मुलगी मी पाहिलीये, तिला काही नाही."

"नुसतं म्हणून कोण विश्वास ठेवतं?"

"आणि असते डाग तर?"

मला एक उत्तर सुचलं. भालशंकरांच्या भाषणातलं होतं ते, पण ते त्या खोलीत बोलता येण्यासारखं नव्हतं.

शनिवारी ती एकटीच दवाखान्यात गेली. मी बरोबर येतो म्हणालो, तर म्हणाली, नको, मोबाईल नंबर माझाच दिलाय तुम्ही. तासाभराने आली आणि माझ्या हातात लिफाफा दिला. एका ओळीचा दाखला, खाली सही, शिक्का. नावही बरोबर होतं.

"घ्या. कागद. तुम्हाला हवा होता ना?"

"मला नाही गं, त्यांना."

"त्या दिवशी चहा घेऊन आला होतात," ती म्हणाली. "खिडकीत. तेव्हा काय बघत होतात?"

पंखा चालू होता. लिफाफा उडू नये म्हणून मी तो फाईलखाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला रागवायची सोय झाली असती. ती आत गेली. दुसऱ्या रविवारी ती खराडीला कंपनीजवळ, ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर राहायला गेली. बसचा वेळ वाचतो, असं कारण तिने सगळ्यांना सांगितलं. हिंदुराव तिची पेटी खाली नेऊ लागले तेव्हा तिने त्यांना आणि सुहासिनीताईंना हसून नमस्कार केला. आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "येते, बाबा." वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मंगळवारी कात्रजहून फोन आला.

"जयभीम, ओव्हाळसाहेब. दाखल्याचं काय झालं? मिळाला का?"

"मिळाला."

"वा! काय म्हणतात डॉक्टर?"

लिफाफा समोरच होता. एक ओळ वाचून दाखवायची होती. ललिता भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"ते वाचून दाखवणार नाही," मी म्हणालो. "पाठवणारही नाही."

भालशंकरांच्या आवाजात दुःख होतं आणि दुःखाच्या खाली अंदाज बरोबर ठरल्याचं समाधान. "म्हणजे आहे काहीतरी."

"आहे," मी म्हणालो. "पण मुलीत नाही."

आणि मी फोन ठेवला. ललिताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, "हे महिनाभर आधी सुचलं असतं तर तीन माणसांचा स्वयंपाक करत असते मी." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.